हलके पाणी, टणक माती

आजचा विषय तसा घरातलाच आहे. झाडाला कोणते पाणी घालावे, आणि ते चांगले की वाईट हे कशावरून ओळखावे, एवढाच प्रश्न. तुळशीला तांब्याभर पाणी घालणारी आजी तो रोज सोडवते, आणि दहा एकर ऊस भिजवणारा बागाईतदारही सोडवतो. पण या साध्या प्रश्नालाही इतिहास आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. तरी त्यात माणसे हरली आहेत आणि जिंकली आहेत. काही ठिकाणी तर आपण हरलो हे त्यांना दहा-वीस वर्षांनी कळले आहे. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो. सुरुवात मात्र माझ्याच एका फजितीने करू द्या.

मी नव्याने शिक्षक झालो तेव्हा ज्या गावी नेमणूक झाली, तिथल्या शाळेच्या आवारात एक विहीर होती. पाणी अगदी निवळशंख. चवीला किंचित मचूळ, पण खारट म्हणावे असे नाही. गावातल्या बायका त्या पाण्याची तारीफ करीत. साबणाला भरपूर फेस यायचा, तुरीची डाळ त्यात लोण्यासारखी शिजायची. पाणी ओळखायला आपल्याकडे याहून निराळी कसोटी कोण लावतो? आम्ही त्या विहिरीच्या भरवशावर शाळेची बाग केली. वांगी, मिरची, मेथी, आणि कुंपणाला घेवडा. मुलांना एकेक वाफा वाटून दिला. सातवीतला एक मुलगा फार मनापासून पाणी घालायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन चार घागरी ओतून जायचा.

पहिल्या वर्षी बाग छान झाली. दुसऱ्या वर्षी वांग्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या, घेवडा तर उगवलाच नाही. तिसऱ्या वर्षी मातीचा रंगढंगच पालटला. ओली असताना ती साबणासारखी निसरडी लागे, आणि वाळली की कुदळ आत जाऊ देत नसे. घातलेले पाणी वाफ्यात तासन्‌तास तसेच उभे राही. आणि सर्वांत आधी वाफा गेला तो कोणाचा? त्या मुलाचा. ज्याने सर्वांत जास्त पाणी घातले, त्याचाच. "गुरुजी, माझं काय चुकलं?" असे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

पुढे शेजारचे एक म्हातारे शेतकरी बाग बघायला आले. त्यांनी एक ढेकूळ उचलले, बोटांत चुरून पाहिले, ते चुरेना. म्हणाले, "जमीन चोपण झाली, गुरुजी."

मी म्हटले, "पण आजोबा, पाणी तर किती चांगलं आहे!"

ते हसले. "चांगलं तुमच्या डाळीला. मातीला कुणी इचारलं?"

श्रोते हो, पाण्याच्या परीक्षेचा सगळा इतिहास आजोबांच्या या एका प्रश्नात आलेला आहे. पाणी कोणाला विचारून निवडायचे? जिभेला, झाडाला, की मातीला? माणसाने हे तिन्ही रस्ते चालून पाहिले आहेत, आणि तेही याच क्रमाने.

पहिला रस्ता जिभेचा आणि डोळ्यांचा. आपल्या देशात तो फार जुना आहे. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याविषयी एक सबंध अध्याय आहे. त्यात त्याने मोठी मार्मिक गोष्ट सांगितली आहे. आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे आणि एकाच चवीचे असते. पुढे जशी जमीन भेटेल तसे त्याला नाना रंग आणि नाना चवी येतात. म्हणून पाण्याची परीक्षा जमिनीबरोबरच करावी, असा त्याचा अभिप्राय. खडे असलेल्या तांबूस जमिनीत पाणी तुरट, पिंगट जमिनीत क्षारयुक्त, फिकट जमिनीत खारट आणि निळसर जमिनीत गोड लागते, असे ठोकताळेही त्याने दिले आहेत. विहिरीचे पाणी गढूळ, कडू किंवा खारट असेल तर नागरमोथा, वाळा, आवळा, निवळीचे बी वगैरेंचे चूर्ण त्यात टाकावे, असा उपायही सांगितला आहे.

यातले आज काय टिकते? निवळीच्या बियाने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, हे खरे आहे. पण पाण्यात विरघळलेले मीठ त्याने निघत नाही. निवळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही, हा धडा इथेच गाठीला बांधावा. वराहमिहिराचा मुख्य विचार मात्र आजही जसाच्या तसा उभा आहे: पाणी ज्या जमिनीतून येते, तिची हकीकत ते आपल्याबरोबर घेऊन येते.

आपल्या खेड्यापाड्यांनीही पाण्याला किती नावे दिली आहेत पाहा! गोडे, मचूळ, सवळ, खारट, जड, हलके. ज्यात डाळ शिजत नाही आणि साबण फुटतो ते जड पाणी. ज्यात डाळ विरघळते आणि कपडे उजळ निघतात ते हलके. ही परीक्षा खोटी नाही. पण ती माणसाने माणसासाठी केलेली आहे. चुलीसाठी आणि धुण्यासाठी. झाडाचे मत त्यात घेतलेले नाही.

झाडालाच विचारून पाहावे, हा दुसरा रस्ता. याचे मोठे प्रयोग सतराव्या शतकात युरोपात झाले. आजच्या बेल्जियमच्या प्रदेशात राहणाऱ्या व्हान हेल्मोंट नावाच्या वैद्याने एका मोठ्या भांड्यात २०० पौंड वाळवलेली माती घेतली आणि तीत वाळुंजाच्या जातीचे, म्हणजे विलोचे, ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पावसाचे किंवा ऊर्ध्वपातन केलेले पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर थोडे. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस कमी झालेली! त्यावरून त्याने ठरवले की झाड हे सगळे पाण्याचेच बनते. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, ही हकीकत छापून प्रसिद्ध झाली.

निष्कर्ष चुकीचा होता. झाड आपल्या देहाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइड वायूपासून घडवते, हे समजायला पुढे दीडशे वर्षे जावी लागली. पण तोलून मापून झाडाला प्रश्न विचारायचा, ही रीत त्याने घालून दिली. आणि ते दोन औंस? ते त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले. खरी गोम तिथेच होती.

ती गोम पकडली इंग्लंडमधल्या जॉन वुडवर्डने. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग लक्ष देऊन ऐकावा, कारण तो कोणत्याही शाळेच्या खिडकीत करून पाहता येतो. वुडवर्डने पुदिन्याच्या काड्या घेतल्या, त्या तोलल्या आणि काचेच्या बाटल्यांत निरनिराळ्या पाण्यांत उभ्या केल्या. पाणी नुसतेच उडून जाऊ नये म्हणून बाटल्यांची तोंडे झाकली आणि देठापुरते भोक ठेवले. एका बाटलीत पावसाचे पाणी. एकीत थेम्स नदीचे. आणखी बाटल्यांत लंडनच्या हाइड पार्कमधल्या नळाचे पाणी, आणि त्यांतल्या एकीत त्याच पाण्यात बागेतली मूठभर माती. काही आठवड्यांनी काड्या पुन्हा तोलल्या. त्याने तोलायला ग्रेन हे माप वापरले. एक ग्रेन म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेच्या आसपास.

पावसाच्या पाण्यातली काडी सव्वाअठ्ठावीस ग्रेनांची होती, ती साडेसतरा ग्रेन वाढली. थेम्सच्या पाण्यातली २८ ग्रेनांची, ती २६ ग्रेन वाढली. हाइड पार्कच्या पाण्यातली ११० ग्रेनांची, ती १३९ ग्रेनांनी वाढली. आणि माती घातलेल्या पाण्यातली ९२ ग्रेनांची काडी तब्बल २८४ ग्रेनांनी वाढली! म्हणजे पाणी जितके शुद्ध तितके झाड मोठे, असे झाले नाही. उलटच झाले. हे सर्व १६९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

मंडळी, याचा अर्थ नीट समजून घ्या. पावसाचे पाणी झाडाला वाईट, असा त्याचा अर्थ नाही. नुसत्या पाण्यात वाढणाऱ्या झाडाला त्या पाण्यातूनच सगळे अन्न मिळवावे लागते, आणि पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. मातीतल्या झाडाला ते माती पुरवते. वुडवर्डने दाखवले ते एवढेच, की झाडाच्या दृष्टीने पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात काय विरघळले आहे, यावर झाडाचे भले-बुरे ठरते. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी पाण्यात मोजून मापून क्षार घातले आणि मातीशिवाय झाडे वाढवून दाखवली. पालाश, चुना, नत्र, स्फुरद, लोह यांचा हिशेब लागला.

आता असे वाटेल की प्रश्न सुटला. झाडाला विचारले, झाडाने उत्तर दिले. पण बाटलीतला पुदिना काही आठवड्यांत आपली साक्ष देऊन मोकळा होतो. शेतातली माती वर्षानुवर्षे पाणी पीत असते. ती काय म्हणते, हे कळण्यासाठी तिसरा रस्ता धरावा लागला, आणि त्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. त्यातला एक मोठा धडा आपल्याच महाराष्ट्रात लिहिला गेला आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांना जोर आला. भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांची कामे निघाली, आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामतीकडच्या कोरड्या मुलखात खेळू लागले. जिथे बाजरी पिकायची मारामार, तिथे ऊस उभा राहिला. पाणी सह्याद्रीच्या पावसाचे, गोडे, कोणत्याही परीक्षेत पहिल्या वर्गात पास होणारे. तरीही काही वर्षांत सखल भागातल्या काळ्या रानांवर पांढरी साय दिसू लागली. आधी ऊस खुरटला, मग उगवायचाच थांबला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्या साहाय्याने या जमिनींचा अभ्यास केला आणि नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचे त्यांचे लिखाण १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

गोड्या पाण्याने जमीन खारी कशी झाली? मीठ जमिनीच्या पोटातच थोडे थोडे विखुरलेले होते. दगड झिजून माती होताना ते सुटते, आणि कमी पावसाच्या मुलखात धुऊन न जाता खाली पडून राहते. कालवा पाझरला, ऊसवाल्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी दिले, आणि निचऱ्याची वाट नव्हती. जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. दिव्याच्या वातीने तेल चढावे तसे ते पाणी मातीतून वर चढले. वर आल्यावर उन्हाने पाणी उडून गेले. मीठ मात्र उडाले नाही. ते तिथेच बसले. उत्तर हिंदुस्थानात यमुनेच्या कालव्यांवर हेच दुखणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसत होते. तिकडे त्याला रेह म्हणतात.

पाणी उडते, मीठ राहते. श्रोते हो, आजच्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे चार शब्द विसरू नका. याचा हिशेबही सोपा आहे. समजा, एखाद्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत. जिभेला त्याचे फारसे काही वाटणार नाही. एक हेक्टर रानाला एक सेंटीमीटर पाणी दिले म्हणजे एक लाख लिटर झाले. त्याबरोबर ५० किलो क्षार रानात गेले. उसाला वर्षभरात असे २०० सेंटीमीटर पाणी दिले, तर दहा हजार किलो. दहा टन! निचरा असेल तर त्यातले बरेचसे पावसाबरोबर खाली धुऊन जाते. नसेल, तर दर वर्षी दहा टन साठत राहते.

आता माझ्या शाळेच्या विहिरीकडे येतो. तिथे पांढरी साय आली नव्हती. तिथे माती टणक झाली होती. हे दुखणे वेगळे, आणि ते कळायला आणखी एक शोध ठाऊक पाहिजे. इंग्लंडमध्ये १८५० साली जॉन थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की माती म्हणजे नुसती चाळणी नव्हे. क्षारांचे पाणी तिच्यातून गेले की ती त्यातले एक द्रव्य धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात दुसरे सोडते. जणू बाजारातला अदलाबदलीचा व्यवहार. चिकणमातीच्या कणांना चुन्यातले कॅल्शियम चिकटले, तर कण एकमेकांना धरून राहतात, माती रवाळ आणि भुसभुशीत होते, तीत हवा-पाणी खेळते. पण पापडखार, सज्जीखार अशा सोड्याच्या जातीचे क्षार पाण्यातून सतत येत राहिले, तर त्यांतले सोडियम कॅल्शियमला हुसकावून आपण जागा बळकावते. मग कण एकमेकांना सोडतात, पाण्यात विखुरतात, आणि मातीची छिद्रे बंद होतात. ओली झाली की चिखल, वाळली की वीट. हीच चोपण जमीन.

अमेरिकेत कार्ल स्कोफील्ड आणि फ्रँक हेडली यांनी १९२१ साली यावरून एक नियम मांडला, तो ऐकून आपल्या स्वयंपाकघराला धक्का बसेल. जड पाणी माती मऊ ठेवते आणि हलके पाणी माती टणक करते, असा त्यांचा निष्कर्ष. विचार करा. डाळ कशात शिजत नाही? ज्यात चुना जास्त, त्या जड पाण्यात. आणि डाळ लवकर शिजावी म्हणून आपण काय टाकतो? चिमूटभर सोडा. आमच्या विहिरीत तो सोडा निसर्गानेच घातलेला होता. म्हणूनच डाळ लोण्यासारखी शिजत होती, म्हणूनच साबणाला फेस येत होता, आणि म्हणूनच शाळेची बाग मरत होती. चुलीने ज्या पाण्याला पहिला नंबर दिला, त्याला मातीने नापास केले. आजोबांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण माती ठाऊक होती.

अर्थात सगळेच जड पाणी चांगले, असे समजू नका. मिठाने जड झालेले पाणी झाडाला मारकच. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा आहे. तिथल्या लोकांना खारे पाणी आणि चोपण माती ही दोन्ही दुखणी एकदम सोसावी लागली आहेत.

पुढे परीक्षेला यंत्राची मदत मिळाली. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, क्षार असले की वाहते; जितके क्षार जास्त तितकी वीज सहज वाहते. जर्मनीच्या कोलराउशने १८७० नंतर ही विद्युतवाहकता नीट मोजण्याची रीत बसवली. तिच्या आधारे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील क्षार-प्रयोगशाळेने १९५४ साली पाण्याचे चार वर्ग पाडले. वाहकता २५० मायक्रोम्होपर्यंत कमी खारे, ७५० पर्यंत मध्यम, २२५० पर्यंत जास्त आणि त्यापुढे फार जास्त. मायक्रोम्होला आता मायक्रोसीमेन्स म्हणतात, माप तेच. त्याबरोबरच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या मानाने सोडियम किती, हेही पाहायचे असते; नुसता खारेपणा पाहून चालत नाही. आपल्या देशात या विषयासाठी हरियाणात कर्नाल येथे १९६९ मध्ये केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जी मार्गदर्शिका काढली, तिचा रोखही असा की पाण्याचा न्याय एकट्या पाण्यावरून करू नये; माती, निचरा, पीक आणि पाऊस यांना साक्षीला बोलवावे. घेवडा, गाजर, कांदा ही पिके खाऱ्या पाण्यापुढे लवकर मान टाकतात. कापूस, जव, बीट ही बराच वेळ तग धरतात. आमचा घेवडा सर्वांत आधी का गेला, तेही इथे कळते.

वराहमिहिराने पाण्याची परीक्षा जमिनीबरोबर करा म्हटले होते. चौदाशे वर्षांनी शास्त्र फिरून तिथेच आले. फक्त आता हातात माप आले.

तर मग घरी काय करावे? तीन गोष्टी सांगतो. यांना फार खर्च नाही.

पहिली परीक्षा चुलीवरची. स्वच्छ भांड्यात लिटरभर पाणी घ्या आणि मंद आचेवर पार आटू द्या. तळाशी काय उरले ते पाहा. नखाने खरवडावी लागेल इतकी पातळ पुटी असेल तर फार चिंता नाही. जाड थर असेल तर सावध व्हा. त्या थरावर दोन-तीन चमचे पावसाचे पाणी घालून हलवा आणि निवळू द्या. पांढरी भुकटी न विरघळता खाली बसली, तर ती बहुतेक चुन्याची. वरचे निवळ पाणी हळदीने रंगवलेल्या कागदावर टाका. डाग लालभडक उमटला, तर पाण्यात सोडा आहे. हळदीचे कुंकू कसे होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरी परीक्षा वुडवर्डची. तीन वाट्यांत ओल्या कापडावर मेथीचे किंवा घेवड्याचे दाणे मोजून टाका. एका वाटीला पावसाचे पाणी, दुसरीला विहिरीचे, तिसरीला तेच विहिरीचे पाणी आटवून निम्मे केलेले, पण थंड करून. किती दाणे उगवले, कोंब किती लांब झाले, हे मुलांना रोज वहीत लिहू द्या. तिसरी वाटी म्हणजे पुढच्या काही वर्षांचे भविष्य असते. कारण उन्हाने पाणी आटत आटत मातीतही हेच घडत असते.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची. पहिल्या दोन परीक्षा इशारा देतात, निकाल देत नाहीत. नवी विहीर किंवा बोअर बागेला जोडण्याआधी पाणी तपासून घ्यावे. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे, नाव-गाव-तारीख लिहावी आणि लवकर पोहोचवावी. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आणि कृषी विज्ञान केंद्रे यासाठीच आहेत. बाजारात मिळणारे हातातले मीटर एकूण क्षार सांगतात. ते चुन्याचे की सोड्याचे, हे सांगत नाहीत. एवढे लक्षात ठेवून ते वापरावे.

कुंडीतल्या झाडांचाही हिशेब करून टाकू. लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी रोज अर्धा लिटर घातले, तर पावसाळा वगळून २४० दिवसांत कुंडीत ७२ ग्रॅम क्षार जातात. तुळशीच्या डब्याला तळाशी भोक नसेल, तर ते सगळे मुळांशीच साठते. म्हणून भोक हवेच. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते खालून वाहून जाऊ द्यावे. पावसाळ्यात कुंड्या पागोळीखाली ठेवाव्या. आभाळाने फुकट केलेली धुलाई असते ती. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. मूळ पाणी खारे असेल तर ते कुंडीला घालू नये. आणि मीठ वापरून जड पाणी हलके करणारे जे यंत्र घरोघर बसवतात, त्यात चुना जाऊन सोडियम येते. ते पाणी कपड्यांना छान, झाडांना वाईट. आमच्या विहिरीचीच ती धाकटी बहीण म्हणा ना!

शेवटी आमच्या बागेचे काय झाले ते सांगतो. पाणी तपासले, माती तपासली. सांगितलेल्या मापाने जिप्सम मिसळले, कारण त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते. बागेच्या खालच्या बाजूने चर खणला, म्हणजे सुटलेले क्षार वाहून जातील. शाळेच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी बागेत वळवले. दोन पावसाळे गेले, तेव्हा कुठे मेथी उगवली. वांगी त्यानंतरच्या वर्षी. बिघडायला तीन वर्षे लागली, सुधारायलाही जवळजवळ तितकीच.

तोपर्यंत तो मुलगा सातवी पास होऊन गाव सोडून गेला होता. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले, ते आज देतो. बाळ, तुझे काही चुकले नव्हते. तू मनापासून पाणी घातलेस. ते पाणी निवडण्याआधी मातीला विचारायचे काम माझे होते, ते मी केले नाही.

शिक्षकांनो, आपल्या बागेत असा एखादा मुलगा असेलच. त्याच्या हातात घागर देण्याआधी एक लिटर पाणी चुलीवर आटवून पाहा.